शिकारी बूट मापाने शिवून घेताना : चामडे, माप आणि शिलाई कशी ओळखावी?

‘शिकारी बूट’ म्हटले की जुन्या फोटोंतले साहेब आठवतात. हातात बंदूक, पायात पोटरीपर्यंतचे चामडी बूट. आज आपल्याकडे शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. एखादा प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा पिकाची फार नासाडी करू लागला, तर वन खात्याच्या परवानगीने होणारी कारवाई तेवढी वेगळी. मग शिकारी बुटांवर लिहायचे कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल.

कारण शिकार संपली तरी त्या बुटाची गरज संपलेली नाही. रात्री वीज येते म्हणून अंधारात शेताला पाणी द्यायला जाणारा शेतकरी, ऊसतोडणी कामगार, आंबा-काजूच्या बागेतला राखणदार, वनरक्षक, डोंगरात फिरणारी आपली तरुण मुले, या सगळ्यांना तेच हवे असते जे शिकाऱ्याला हवे असायचे. घोटा सांभाळणारा, काट्याकुट्यात टिकणारा, दिवसभर चालून पाय न सोलणारा बूट. शिवाय आपली बरीच कुटुंबे परदेशात आहेत. कोकणातून केपटाऊनला गेलेली घराणी तर पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात, आणि तिथे परवान्याने शिकार चालते. अशा नातेवाइकांकडूनही ‘आपल्याकडे चांगले बूट शिवून मिळतील का?’ अशी विचारणा होते. मिळतील, पण काय मागायचे हे आपल्याला माहीत हवे.

प्रश्न फक्त हौसेचा नाही

सर्पदंशाचे आकडे पाहिले की बुटाची किंमत कळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक लोक खेड्यातले, शेतीवर राबणारे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मोठे विषारी साप, आणि रत्नागिरीच्या कातळावर फुरशांची संख्या चांगलीच आहे. दंश बहुतेक वेळा पायालाच होतो, त्यातही पाऊल आणि घोट्याजवळ. अनवाणी किंवा स्लीपर घालून गवतात जाणारा माणूस म्हणूनच सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. साधा चामडी बूट धोका कमी करतो, संपवत नाही. घोणशीचे विषदंत लांब असतात आणि मऊ, पातळ चामड्यातून ते आत जाऊ शकतात. मण्यार तर बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिथे बुटाचा उपयोगच नाही. तेव्हा बूट असला तरी हातात टॉर्च आणि काठी हवीच. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे हे प्रकार न करता रुग्णाला शांत ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सापाच्या विषावर खरा उतारा तिथल्या लशीचाच.

तयार बूट की मापाचा बूट?

तयार बूट सरासरी पायासाठी बनतो. आपले पाय सरासरी असतातच असे नाही. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेला पाय पुढे चवड्याला रुंद होतो. दुकानात लांबी जुळते पण चवडा दाबला जातो, म्हणून माणूस एक नंबर मोठा बूट घेतो. मग टाच आत सरकत राहते आणि फोड येतात. ज्यांचा चवडा रुंद आहे, एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, पोटरी जाड किंवा फार बारीक आहे, त्यांना मापाचा बूट खरोखर फायद्याचा.

पैशाचा हिशोबही करून पाहू. समजा तयार बूट १,५०० रुपयांचा आहे आणि रोजच्या वापरात ८ महिने टिकतो. महिन्याला साधारण १८७ रुपये पडले. मापाचा बूट समजा ६,००० रुपयांचा, पाच वर्षांत दोनदा ८०० रुपये देऊन सोल बदलला. एकूण ७,६००, म्हणजे महिन्याला सुमारे १२७ रुपये. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, आपापल्या गावचे भाव घालून बघा. पण हा हिशोब तेव्हाच जुळतो, जेव्हा चामडे खरे असेल आणि सोल बदलता येईल अशी शिलाई असेल. नुसता चिकटवलेला बूट मापाचा असला तरी पैसे वाया गेलेच समजा.

दोन ठिकाणी आम्ही मापाच्या चामडी बुटाचा सल्ला देणार नाही. एक, वाढत्या वयाच्या मुलांसाठी, कारण पाय वर्षभरात पुढे जातो. दुसरे, भातलावणीसारख्या उभ्या पाण्यातल्या कामासाठी. तिथे साधा रबरी गमबूटच बरा. चामडे रोज पाण्यात बुडाले की कुजते.

माप कसे द्यावे?

चांगला कारागीर माप स्वतः घेतो. पण मुलगा सौदीत आणि बूट मुंबईत शिवायचा असेल तर माप पाठवावे लागते. त्याची पद्धत अशी :

- माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभरात पाय थोडा सुजतो.
- बुटात जे मोजे घालणार तेच घालून माप घ्यावे. जाड मोज्याने माप बदलते.
- कागदावर उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन पावलाची रेघ मारावी. पेन्सिल सरळ उभी धरावी, आत तिरकी केली की माप कमी येते. रेघ दुसऱ्याने मारावी, स्वतः वाकून मारू नये.
- टेपने घेर घ्यावेत : चवड्याचा सर्वांत रुंद भाग, पावलाचा मधला उंचवटा, टाचेपासून उंचवट्यावरून फिरवून, घोट्याच्या वर, आणि बूट जिथे संपणार त्या उंचीवर पोटरी.
- दोन्ही पायांची मापे वेगवेगळी लिहावीत.
- गाठ, घट्टा, वाकडी करंगळी, जुने हाड मोडलेले असेल तर कागदावर त्या जागी खूण करावी.

नंबरच्या भाषेतही गोंधळ होतो. आपल्याकडचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो, त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकेतला पुरुषांचा नंबर आपल्यापेक्षा साधारण एकने जास्त असतो, म्हणजे तिथला ९ तो आपला ८. म्हणून नातेवाइकाने नुसता नंबर कळवला तर तो कुठल्या देशाचा हे आधी विचारा. त्याहून बरे म्हणजे सेंटिमीटरच मागवा.

हे माप घेऊन कारागीर फर्मा निवडतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा, त्यावर चामडे ताणून बूट बनतो. खास एका माणसासाठी फर्मा कोरणारे आता थोडे. बहुतेक जण जवळचा फर्मा घेऊन त्यावर गरजेच्या जागी चामड्याचे तुकडे चिकटवून तो आपल्या पायाजोगा करतात. त्यात फसवणूक काही नाही, काम नीट झाले तर बूट उत्तम बसतो. फक्त ‘माझ्या पायासाठी फर्म्यात काय बदल करणार?’ हे जरूर विचारा. उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो मापाचा बूट नव्हे, तयार नंबरच.

चामडे ओळखायचे कसे?

जनावराच्या कातड्याचा सर्वांत वरचा थर सर्वांत मजबूत. हा थर शाबूत ठेवलेले चामडे बुटाला हवे. डाग लपवण्यासाठी वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप देतात, ते चामडे दिसायला गुळगुळीत पण टिकायला कमी. आणि आतला थर सोलून त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवतात, ते तर रेक्झिनच्याच जवळ गेले.

कारागिराकडून त्याच चामड्याची एक कात्रण मागून घ्या. अंगठ्याने दाबा. खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडल्यावर जातात. कापलेली कड पाहा, तंतू दाट विणल्यासारखे दिसले पाहिजेत. कात्रणीचे टोक जाळून पाहिले तर चामड्याला केस जळाल्याचा वास येतो, प्लास्टिक मात्र वितळून गोळा होते.

आपल्याकडे बुटासाठी म्हशीचे चामडे सहज मिळते. ते जाड, दाणेदार आणि दणकट असते, रानातल्या बुटाला चांगले. वरच्या भागासाठी दोन ते अडीच मिलिमीटर जाडी पुरते. बकरीचे चामडे पातळ आणि मऊ, ते अस्तराला. कापणीची एक गोष्ट अनुभवी कारागीरच सांगतात. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते, पोटाचे सैल असते आणि ताणते. बुटाचा पुढचा भाग पाठीच्या चामड्यातून आणि दोन्ही बूट एकाच कातड्यातून कापलेले हवेत. नाहीतर वर्षभरात एक बूट सैल आणि एक घट्ट अशी गत होते.

चामडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे कडक आणि भरीव असते. आपली कोल्हापुरी चप्पल त्याचीच. दुसरी क्रोमची पद्धत, त्यात चामडे मऊ राहते आणि पाणी जास्त सोसते. बुटाचा वरचा भाग क्रोमचा आणि आतला तळ सालीवर कमावलेला, ही जोडी चांगली जमते. तो आतला तळ हळूहळू पायाचा ठसा घेतो. पुठ्ठ्याचा आतला तळ मात्र पहिल्या पावसातच फुगतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्हींच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे चामड्याच्या धंद्यातले लोक कागदपत्रांबाबत सावध असतात. आपणही बिल घ्यावे आणि त्यावर चामड्याचा प्रकार लिहून घ्यावा. परगावी माल नेताना प्रश्न आला तर हा कागद कामी येतो. आणि कोणी साप, घोरपड किंवा मगरीच्या कातड्याची पट्टी लावून देतो म्हणाला तर साफ नाही म्हणा. तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

शिलाई, सोल आणि उंची

सोल कसा जोडला आहे यावर बुटाचे आयुष्य ठरते. चिकटवलेला सोल उखडला की बूट संपला. पट्टीची शिलाई, म्हणजे वरचा भाग आधी चामड्याच्या पट्टीला शिवायचा आणि त्या पट्टीला सोल शिवायचा, ही जुनी आणि भरवशाची रीत. अमेरिकेत धाकटे चार्ल्स गुडइयर यांनी १८७१ मध्ये या शिलाईच्या यंत्राचे पेटंट घेतले, म्हणून तिला गुडइयरचे नाव पडले. रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांचे ते चिरंजीव. हाताने आरी-दोऱ्यावर केलेली पट्टीची शिलाई तितकीच मजबूत असते. सोल झिजला की टाके काढून नवा लावता येतो, वरच्या भागाला धक्का लागत नाही.

चामडे आणि रबर जोडणे किती अवघड, याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लिऑन बीन यांनी १९१२ मध्ये रबरी तळ आणि चामडी वरचा भाग असा शिकारी बूट विकायला काढला. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० परत आल्या, जोड सुटला म्हणून. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारला आणि त्यावरच पुढे मोठी कंपनी उभी राहिली. तेव्हा जोडाकडे नीट पाहा, आणि कारागीर जोडाची जबाबदारी घेतो का हेही पाहा.

रानात चामड्याचा सोल नको, ओल्या दगडावर तो घसरतो. खाचांचा रबरी सोल घ्यावा. १९३५ मध्ये आल्प्स पर्वतात सहा गिर्यारोहकांचा जीव गेला. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी यांनी त्यानंतर असा खाचांचा रबरी सोल तयार केला, आजचा व्हिब्रम सोल तो हाच. आपल्या काळ्या मातीत मात्र खाचा फार खोल आणि जवळजवळ असल्या की चिखल अडकून पाय जड होतो. मध्यम खाचा, अंतर राखून, हे बरे.

बाकी पाहायच्या गोष्टी थोडक्यात :

- जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असावी. मग पाणी, खडे, कुसळे आत जात नाहीत.
- पुढच्या भागावर जोड कमीत कमी असावेत. प्रत्येक जोड म्हणजे पाण्याला वाट.
- टाचेच्या आत कडक चामड्याचा तुकडा असावा, पुठ्ठा नको.
- तळाच्या कमानीखाली स्टीलची पट्टी असावी.
- लेसची भोके पितळी कड्यांची असावीत. चेन रानात लवकर बिघडते.

उंचीबाबत : डोंगर चढायला ६ इंच पुरे. शेत आणि गवतासाठी ८ ते १० इंच. सापाच्या भागात रात्री काम करणाऱ्याने पोटरीपर्यंतचा आणि जाड चामड्याचाच घ्यावा. मात्र उंची वाढली की वजन आणि घाम दोन्ही वाढतात. पाठीवरच्या वजनापेक्षा पायावरचे वजन माणसाला कितीतरी जास्त थकवते. उगाच दिसण्यासाठी उंच बूट घेऊ नये.

दीनी बाजूचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न अस्तराचा. काही बुटांत, विशेषतः बाहेरून आलेल्या मालात, डुकराच्या कातड्याचे अस्तर असते. कमावल्याने कातडे पाक होते, पण डुकराचे होत नाही, यावर हनफी आणि शाफई दोन्ही मसलक एकमत आहेत. कोकणातले आपले शाफई बांधव कुत्र्याचे कातडेही त्यातच धरतात. डुकराच्या चामड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या त्रिकोणी झुबक्यात दिसतात, ही त्याची ओळख. मापाच्या बुटाचा इथे मोठा फायदा आहे. अस्तर आपण सांगू तेच, बकरीचे, आणि आपल्यासमोर कापलेले.

दुसरा प्रश्न वुजूचा. रानात, प्रवासात दर वेळी उंच बूट काढणे कठीण. घोटे झाकणाऱ्या मजबूत चामडी पायताणावर मसह करण्याची सवलत शरीयतमध्ये आहे. पूर्ण वुजू करून ते घातलेले असावे, मुकीमसाठी एक दिवस-रात्र आणि मुसाफिरसाठी तीन दिवस-रात्री. बूट काढला की ही सवलत संपते. लेसच्या बुटाचा, फटीचा, लागलेल्या घाणीचा बारीक मसअला आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावा. बूट शिवायला टाकण्याआधी विचारले तर त्याप्रमाणे जीभ आणि उंची ठरवता येते.

कारागिराशी बोलताना

मुंबईत धारावी हे चामड्याचे जुने केंद्र. तमिळनाडूतून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी आणि कामगारांनी तिथे चामडे कमावण्याचा धंदा उभा केला, आणि आपल्या चर्मकार बांधवांचे कसब त्याला मिळाले. देशात आग्रा, कानपूर, आणि तमिळनाडूतले आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट ही नावे या धंद्यात मोठी आहेत. पण आपल्या तालुक्याच्या गावीही एखादा जुना कारागीर असतो. रंगीत दुकान नसते, हात मात्र पक्का असतो. त्याने शिवलेला, दोन-तीन वर्षे वापरलेला बूट कोणाच्या पायात असेल तर तो पाहा. नव्या बुटापेक्षा जुना बूट जास्त खरे बोलतो.

तोंडी व्यवहार टाळा. एका साध्या चिठ्ठीवर लिहा : चामडे कोणते, अस्तर कोणते, सोल आणि शिलाई कशी, उंची किती, कच्च्या ट्रायलची तारीख, तयार होण्याची तारीख, आगाऊ रक्कम, बाकी रक्कम. कच्ची ट्रायल म्हणजे सोल पक्का होण्याआधी बूट घालून पाहणे. ती सोडू नका, कारण त्यानंतर बदल फार कमी होतात.

भाव करताना एवढे लक्षात ठेवावे. आपण ५०० रुपये कमी करायला लावले की ते कारागिराच्या खिशातून नव्हे, बहुधा चामड्यातून किंवा दोऱ्यातून कमी होतात. योग्य मजुरी ठरवावी आणि काम झाल्याबरोबर द्यावी. कष्टकऱ्याची मजुरी लटकवू नये हे आपल्याला घरातूनच शिकवले आहे.

बूट हातात आल्यावर

उभे राहा, चाला, उतारावर उतरून पाहा. उतरताना बोटे पुढे टेकता कामा नयेत, पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. टाच सुरुवातीला किंचित उचलली तर चालेल, चवडा मात्र दुखता कामा नये. बूट वाकतो ती जागा आणि आपला चवडा वाकतो ती जागा एकच हवी. नवा बूट थेट रानात नेऊ नका. आठवडाभर रोज तासभर घरात-अंगणात वापरा.

भिजला तर कागद भरून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की चामडे तडकते. चिखल वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. मेण किंवा चामड्याचे तेल बेताने लावा, तेल जास्त झाले की चामडे लोळागोळा होते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी धरते.

आणि घालण्याआधी बूट उलटा करून दर वेळी आपटा. विंचवाला अंधारी जागा आवडते. ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, बूट कितीही चांगला असो.